बंधाऱ्यावरच्या कोऱ्या सह्या

३ एप्रिल
(टपालाने)

व्याहीबुवा,

नमस्कार लिहावा की नाही यावर अर्धा तास घालवला. शेवटी आमची ही म्हणाली, "पोटची मुलगी त्यांच्या घरात आहे. नमस्कार घाला आणि मग काय ते भांडा." तेव्हा नमस्कार.

काल आमच्या मंत्रालयातून एक टायवाला साहेब आला. बूट इतके चकचकीत की माझ्या ऑफिसच्या फरशीवर पाय टेकवायला त्याला जड जात होतं. त्याने टेबलावर नऊ कागदांच्या झेरॉक्स मांडल्या. १४ मार्च ते २२ मार्च. आपल्या संयुक्त ऑफिसचे रोजचे कागद: सकाळी सातला बंधाऱ्यावरची पट्टी वाचायची, पाण्याचा आकडा लिहायचा, डावीकडे तुमची सही, उजवीकडे माझी. नऊच्या नऊ कागदांवर आकडा चार मीटरच्या वर. पहिल्यावर चार तीस, शेवटच्यावर चार वीस. आणि नऊच्या नऊ कागदांवर उजवीकडे माझी सही.

बंधाऱ्याखाली आमच्या बाजूला पाणी चारच्या वर असेल तर दरवाजे बंद ठेवायचे, चारच्या खाली गेलं की आम्हा खालच्या लोकांसाठी उघडायचे, हा करार आपण दोघं झोपेतसुद्धा म्हणून दाखवू. कागद चारच्या वरचे, म्हणून दरवाजे बंद राहिले. नऊ दिवस आमच्या नळांतून नुसती हवा आली. २३ तारखेला माझी पाळी सुरू झाली, मी पट्टी वाचली, तर तीन बावन्न! चोवीस तासांत इतकं पाणी गेलं कुठे? कुणी बादल्यांनी उपसलं?

शपथेवर लिहितो, १४ तारखेला पट्टीवर चारच्या वर पाणी नव्हतं.

टायवाल्याने विचारलं, "ही सही तुमचीच का?" मी म्हटलं, मूळ कागद चष्मा लावून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तो हसला. म्हणाला, "नीट पाहा. आमच्या मते ती तुमची नाही." २७ एप्रिलला दोन्ही देशांचं संयुक्त मंडळ बसणार आहे आणि तिथे मला हाच प्रश्न विचारणार आहेत.

तुम्ही काय करून बसलात हो?

आपला,
खालच्या बाजूचा मोजणी अधिकारी


७ एप्रिल
(सिमेंटच्या ट्रकवाल्याच्या हाती)

व्याहीबुवा,

मागचं पत्र टपालाने धाडलं होतं. म्हणजे ते आधी आमच्यांनी फोडून वाचलं असणार, मग तुमच्यांनी, आणि उरलंसुरलं तुमच्या हाती आलं असणार. म्हणून त्यात शपथबिपथ घेतली. हे पत्र पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या ट्रकवाल्याकडे देतोय. त्याला वाचता येतं, पण वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळे मोकळं लिहितो.

१४ मार्चला मी पट्टीच्या जवळपासही नव्हतो. पंधरवडा तुमचा होता, मी घरी गुडघ्याला शेक देत बसलो होतो. आणि कागदांवरची ती सही माझीच आहे. १ तारखेला मी तुम्हाला पंधरा कोरे कागद सह्या करून दिले, तुम्ही मला पंधरा दिलेत. दर महिन्याला देतो तसेच. अठरा वर्षं झाली. नियम म्हणतो दोघांनी मिळून पट्टी वाचायची. आपण एकाने वाचायची आणि सह्या दोघांच्या, अशी सोय करून ठेवली. या जगात हे दोनच माणसांना ठाऊक आहे.

आणि ही सोय काढली कुणी? मी! लाज वाटते, पण तुमच्यापाशी काय लपवायचं? तुम्ही तेव्हा नवे होतात. हातात कायम फूटपट्टी, म्हणून आमच्या पोरांनी तुमचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. तुम्ही चाचरत म्हणालात, "साहेब, करारात दोघांनी वाचायचं लिहिलंय." मी म्हटलं, "करार आमच्या ऑफिसात टाइप झालाय. करा सह्या." तुम्ही पंधरा कागदांवर पंधरा सारख्या सह्या केल्यात, एक मिलिमीटर इकडे की तिकडे नाही.

तेव्हा आमचा रुबाबच तसा होता. बंधाऱ्याचं सिमेंट आमचं, इंजिनियर आमचे, पुलावरचे शिपाई आमचे. भाषणात तुम्हाला "धाकटा भाऊ" म्हणायचं आणि जेवायच्या वेळी धाकट्याला दाराशी बसवायचं. तुमचे सचिव आमच्या मंत्रालयात बाकावर दोन-दोन तास ताटकळायचे. मग तुमच्या डोंगरांत बॅटऱ्यांना लागणारा धातू निघाला, वीजघरं उभी राहिली, आमच्या गिरण्यांना कुलपं लागली. आज आमच्या निम्म्या गावांत दिवे लागतात ते तुमच्या तारेवर. आता आमचे सचिव तुमच्याकडे बाकावर बसतात आणि परत येऊन सांगतात की बाक मऊ होता.

म्हणूनच त्या नऊ दिवसांत कुणी हूं की चूं केलं नाही. मी तुम्हाला फोन केले, तुम्ही उचलले नाहीत. पुलावर गेलो तर तुमच्या शिपायाने नवा पास मागितला. मंत्रालयाला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा एकच उत्तर: "वीज त्यांच्याकडून येते साहेब, जरा गोडीत घ्या." गोडीत घ्या! इथे हॉस्पिटलात मूत्रपिंडाचं मशीन पाण्यावाचून बंद पडलं. पेशंटांना बसमध्ये घालून दुसऱ्या शहरात नेलं. आमच्या गल्लीतले रिटायर्ड पोस्टमन त्या बसमध्ये होते. जाताना मला खिडकीतून म्हणाले, "तुमच्या हातात आहे ना हो ते पाणी?" ते परत आले नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, व्याहीबुवा. आकडा तुम्हीच लिहिलात, अक्षर ओळखतो मी तुमचं. तुमची नवी टर्बाइनं फिरती ठेवायला पाणी वरच अडवा, असा वरून हुकूम आला असेल, मान्य. पण एक फोन? माझ्या सहीच्या वर खोटं लिहिण्याआधी एक फोन करता येत नव्हता?

उत्तर ट्रकवाल्याकडेच द्या.


१३ एप्रिल
(ट्रकवाल्याच्या हाती)

व्याहीबुवा,

ट्रकवाला सांगतो, तुम्ही पत्र उभ्याउभ्या वाचलंत, घडी केलीत, त्याला पाणी विचारलंत आणि आत गेलात. वा! मिठाची गुळणी धरायची हीच वेळ सापडली तुम्हाला!

तुम्ही बोलत नाही, पण तुमची सून बोलते. काल पोरीचा फोन आला. दुकानातून करत होती. म्हणाली, "बाबा, दारासमोर गाडी उभी असते. दोन माणसं दिवसभर आत बसून शेंगा सोलल्यासारखी मोबाइल बघतात. अण्णा गॅलरीत बसतात, जेवायला बोलावलं की येतात, जेवतात, परत बसतात."

मी म्हटलं, "पोस्टमनकाका गेले ते तुला माहीत आहे का?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही २७ तारखेला सही माझी नाही म्हणालात तर अण्णांना सात वर्षं होतील, हे तुम्हाला माहीत आहे का? खोटी सही केल्याचा गुन्हा. आमचं सरकार त्यांना वाचवणार नाही, बाबा. त्यांना एक माणूस देऊन प्रकरण मिटवायचंय."

मी भडकलो. नको ते बोललो. आमचं सरकार, तुमचं सरकार, कधीपासून गं, असंही बोललो. ती म्हणाली, "तुम्ही मला इकडे दिलीत तेव्हापासून," आणि फोन ठेवला. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. एका घरात दोन माणसं आणि मधे रेडिओ, असं चाललंय.

तर सात वर्षं. मला खरंच ठाऊक नव्हतं. टायवाल्याने हे सांगितलंच नव्हतं. आज तो परत आला तेव्हा विचारलं. म्हणाला, "ते त्यांचं बघतील. तुम्ही तुमचं बघा." मग त्याने कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला, तुमच्या सहीचे नमुने हवेत, हस्ताक्षर-तज्ज्ञाला द्यायचे आहेत. मी पहिली केली. "जरा सावकाश करा," तो म्हणाला. दुसरी केली. "शेवटचा फराटा असा वर नाही, खाली घ्या." म्हणजे बघा, पस्तीस वर्षं नोकरी केल्यावर हा गृहस्थ मला माझी सही शिकवत होता! आणि मी केली हो. चार सह्या फराटा खाली घेऊन केल्या. पाचव्या वेळी हात थांबला, सांगितलं की गुडघा दुखतोय.

"सहीला गुडघा लागतो?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे लागतो," मी म्हटलं.

मग त्याने चष्मा काढून सांगितलं, की सही नाही म्हणालात तर सन्मानाने निवृत्त व्हाल. हो म्हणालात तर नऊ दिवस आपल्याच गावाचं पाणी तोडणारा अधिकारी म्हणून तुमचा फोटो छापून येईल. निवडा.

झोप उडाली आहे. पोस्टमन डोळ्यांपुढे आले की वाटतं, जा म्हणावं सात वर्षं. मग पोरगी आठवते.


१९ एप्रिल
(ट्रकवाल्याच्या हाती)

व्याहीबुवा,

आज भांडायला लिहीत नाही. आज जे लिहितोय ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि बारा वर्षांत आपण त्याचा एक शब्द काढलेला नाही.

त्या दुष्काळाच्या वर्षी पंधरवडा माझा होता. पट्टीवर चार वीस होतं. आमच्या सचिवांचा फोन आला, "गिरण्यांना पाणी हवंय. आकडा चारच्या खाली घ्या. वरचे काय बोलणार आहेत?" मी तुमच्या सहीचा कोरा कागद काढला आणि तीन नव्वद लिहिलं. असे सहा दिवस, सहा कागद. दरवाजे उघडले, तुमचं साठवलेलं पाणी आमच्याकडे वाहून आलं. तुमच्या वरच्या खोऱ्यातल्या फळबागा त्या उन्हाळ्यात जळाल्या. त्यात तुमच्या सख्ख्या भावाची बाग होती. नंतर तो बायकामुलांना घेऊन कुठल्याशा कारखान्यात गेला, असं ऐकलं.

सातव्या दिवशी तुम्ही ऑफिसला आलात. दरवाजे उघडे पाहिलेत. मी टेबलावर ठेवलेले कागद एकेक करून वाचलेत, आपल्या सहीवरून अंगठा फिरवलात आणि फाइलला लावलेत. वाटलं, आता हा ओरडेल, वर कळवेल, माझी नोकरी गेली. तुम्ही म्हणालात, "साहेब, चहा मागवू का?"

कुणाला सांगणार होतात तुम्ही? तुमचं सरकार तेव्हा आमच्या सचिवांना सलाम ठोकत होतं.

आता पुढचं. तीन महिन्यांनी मी तुमच्या मुलासाठी माझी मुलगी घेऊन आलो. लोक म्हणाले, काय मोठ्या मनाचा माणूस, एवढा वरच्या पदावरचा, हाताखालच्या देशात मुलगी देतो! तुमच्या विहीणबाई अजूनही तसंच समजतात. मन मोठं नव्हतं हो. पोरं एकमेकांना पसंत होती हे खरं, पण मी महिनाभर नाही-नाही म्हणत होतो आणि एका दिवसात हो म्हणालो, ते भीतीने. व्याही झाला की हा माणूस तोंड उघडणार नाही, असा हिशेब केला मी. पोरीला हे कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. तिला सांगू नका. किंवा सांगा, आता मला काय अधिकार आहे तुम्हाला गप्प बसवायचा?

गेले तीन दिवस मी संयुक्त ऑफिसच्या जुन्या कपाटात बसून होतो. म्हणजे कपाटासमोर. धुळीने शिंका येऊन येऊन नाक सोललं. ते सहा कागद सापडले. आकडे माझ्या अक्षरात, डावीकडे तुमची सही. कागद पिवळे पडलेत, तुमची सही तेवढीच सरळ आहे.


२५ एप्रिल
(ट्रकवाल्याच्या हाती, तातडीचं)

व्याहीबुवा,

ठरलं. परवा मी काय बोलणार आहे ते नीट ऐका.

मी म्हणणार: सही माझी आहे. कागद कोरे असताना केली. ही पद्धत अठरा वर्षांपूर्वी मी सुरू केली, माझ्या सांगण्यावरून. बारा वर्षांपूर्वी तिचा गैरफायदा पहिल्यांदा मी घेतला. मग ते सहा कागद टेबलावर ठेवणार.

वकिलाला विचारलं आहे, नाव न सांगता. सही खरी निघाली की खोट्या सहीचा गुन्हा उभाच राहत नाही. कामात कसूर होते. दोघांच्याही नोकऱ्या जातील, तुरुंगात कुणी जाणार नाही. शिवाय नऊ दिवसांचे आकडे खोटे होते हे नोंदलं जाईल आणि पुढे दोघांनी खरोखर उभं राहून पट्टी वाचायची, हे मंडळाला लिहूनच द्यावं लागेल. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आमचे नळ कोरडे पडणार नाहीत. माझा फोटो छापून येईल, येऊ दे. तसाही माझा फोटो बरा येत नाही.

तुम्हाला काहीच करायचं नाही. अध्यक्षबाई तुम्हाला विचारतील, हे खरं आहे का? तुम्ही फक्त हो म्हणा. जास्त बोलू नका, तुम्हाला भाषण जमत नाही. नुसतं हो.

हिला आज सगळं सांगितलं, कपाट, कागद, लग्नाचा हिशेब, सगळं. मग म्हणाली, "परवा निळा शर्ट घाला, त्यात तुम्ही खरं बोलल्यासारखे दिसता." तेरा दिवसांनी बोलली, तेही असं.

परवा भेटू. फक्त हो म्हणा.


२९ एप्रिल
(पोरीच्या हाती, ती आज सकाळी आली, उद्या निघेल)

व्याहीबुवा,

तुम्ही तिथे होतात, तरी मी लिहितोय. माझ्या खुर्चीवरून काय दिसलं ते तुम्हाला कळू दे.

सभागृहात शिरल्यावर आधी झेंडे दिसले. दोन्ही काठ्या आता सारख्या उंचीच्या. पूर्वी तुमची वीतभर आखूड असायची, आणि इतक्या वर्षांत मला ते कधी खटकलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी मला सही दाखवली. मी म्हटलं, माझी. टायवाल्याच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. मग मी सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं होतं त्याच क्रमाने. सहा कागद ठेवले. माझा आवाज एकदाच फुटला, तुमच्या भावाच्या बागेपाशी.

सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या शिष्टमंडळाच्या त्या तरुण प्रमुखबाई आरामात मागे टेकून बसल्या होत्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आपण कोऱ्या कागदांवर सह्या करून देत होतात, हे खरं आहे का?"

तुम्ही उभे राहिलात. कोटाचं बटण लावलंत. म्हणालात, "नाही."

मला वाटलं, प्रश्न ऐकू आला नाही.

"मी आयुष्यात कोऱ्या कागदावर सही केलेली नाही," तुम्ही म्हणालात. "प्रत्येक आकडा पट्टीवर पाहून मग सही केली आहे."

"आणि बारा वर्षांपूर्वीचे हे सहा?"

"बरोबर आहेत. तेव्हा पाणी तीन नव्वदच होतं."

"आणि या मार्चचे नऊ?"

"तेही बरोबर आहेत."

तुमच्या भावाची बाग जळाली ती उन्हाने जळाली, असं तुम्ही भर सभेत सांगितलंत. भाषण जमत नाही म्हणे!

पुढचं पंधरा मिनिटांत उरकलं. तुमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, आमचे अधिकारी कधीच कुणाच्या हुकमाचे बंदे नव्हते, कोऱ्या सह्यांची कल्पनाच आमचा अपमान आहे. आमचे सचिव घाईघाईने उठले: आमचेही नव्हते, सदर अधिकाऱ्यांची तब्येत काही दिवसांपासून बरी नाही. टायवाल्याने मान हलवली. मधल्या सुट्टीत विजेचा करार आणखी दहा वर्षांनी वाढल्याचं मला नंतर कळलं. दोन्ही सरकारांचं वर्षभर कशावर म्हणून एकमत होत नव्हतं, ते माझ्या डोक्यावर परिणाम झालाय यावर झालं. नऊ कागद खरे ठरले. आमचे नळ कालव्याच्या गळतीमुळे कोरडे पडले, असं नोंदलं गेलं. आणि वारंवार गैरसमज नकोत म्हणून इथून पुढे पट्टी एकच अधिकारी वाचणार, वरच्या बाजूचा. सही एकच, तुमची. आमच्या सचिवांनी त्याला टाळ्या वाजवल्या.

मला पुढच्या आठवड्यात डॉक्टरांपुढे उभं करणार आहेत. नोकरी गेलीच. तुम्ही सुटलात. मला एवढंच हवं होतं ना? हो, हवं होतं. मग मला तुमचा गळा धरावासा का वाटला?

बाहेर कॉरिडॉरमध्ये तुम्हाला गाठलं तेव्हा मी खरंच त्याच इराद्याने आलो होतो. मी म्हटलं, "त्यांनी पढवलं होतं तुम्हाला. धमकी दिली होती."

"नाही," तुम्ही म्हणालात. "आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या होत्या, हो म्हणा की नाही म्हणा, आम्ही सांभाळून घेऊ. आता आमचं तेवढं चालतं."

"मग का? मी तुमच्यासाठी स्वतःला गाडायला निघालो होतो!"

"तुम्ही निघाला होतात," तुम्ही म्हणालात. "मला विचारलं होतंत का? कोऱ्या सह्या करायच्या, तुम्ही ठरवलंत. माझ्या सहीवर काय लिहायचं, तुम्ही ठरवलंत. पोरांचं लग्न तुम्ही ठरवलंत. आता माझी लाज जगापुढे केव्हा आणि कशी उघडी करायची, तेही तुम्हीच ठरवलंत, आणि मला निरोप धाडलात, फक्त हो म्हणा. एवढी पत्रं लिहिलीत व्याही, त्यात माझ्यासाठी एक शब्द शिल्लक ठेवलात."

मी म्हटलं, "पण तुम्ही खोटं बोललात. आमचं माणूस पाण्यावाचून मेलं, त्यावर खोटं बोललात."

"हो," तुम्ही म्हणालात. "माहीत आहे मला." आणि तुमचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. मग तुमची गाडी आली.

दोन दिवस मी घरभर आदळआपट केली. तुम्हाला शिव्या घातल्या, त्यातल्या काही माझ्या वडिलांच्या काळातल्या होत्या. ही म्हणाली, झालं असेल तर जेवून घ्या. आज पोरगी आली. तिला मी लग्नाचा हिशेब माझ्या तोंडाने सांगितला. ती रडली, मग म्हणाली, "अण्णांनी मला लग्नाआधीच सांगितलं होतं, बाबा. म्हणाले होते, तुझे वडील घाबरलेत, पण तू घाबरू नकोस." बारा वर्षं ती हे पोटात ठेवून माझ्या पाया पडत होती. मी उठून मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो.

तुमचं म्हणणं खरं आहे. मी एकदाही विचारलं नाही. मोठ्या देशाचा अधिकारी होतो तेव्हा विचारलं नाही, आणि तो मोठेपणा गेल्यावर पश्चात्तापाचासुद्धा हुकूमच काढला. आणि तुमचं खोटं तरीही खोटंच आहे. दोन्ही एकदम मनात ठेवून बसलोय, जड जातंय.

आता पट्टीपाशी तुम्ही एकटेच उभे राहणार. उजवीकडे कुणाची सही नाही, कपाटात कोरा कागद नाही, मला पुलावर यायला पास नाही. मार्च पुन्हा येईल. वरून फोनही येईल, जसा मला आला होता. आमच्या हॉस्पिटलात ते मशीन आहे आणि त्यावर अकरा माणसं आहेत.

पाणी चारच्या खाली गेलं, तर तुम्ही काय लिहाल?

मी सांगत नाही, व्याहीबुवा. विचारतोय.